रक्ताचे डाग वाचणारा शिक्षक : पॉल कर्क

पॉल कर्क (१९०२-१९७०) मूळचे जीवरसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते शिकवत. अतिसूक्ष्म नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण हा त्यांचा हातखंडा. पोलिसांच्या अनुभवावर चालणारा गुन्हे तपास त्यांनी विद्यापीठाच्या वर्गात आणला आणि १९५३ मध्ये त्यावर पाठ्यपुस्तक लिहिले.

पुढच्याच वर्षी ओहायो राज्यात डॉ. सॅम शेपर्ड यांच्या पत्नीचा खून झाला. वृत्तपत्रांनी खटल्याआधीच नवऱ्याला दोषी ठरवले होते. न्यायालयानेही जन्मठेप दिली. घर मात्र निकाल लागेपर्यंत पोलिसांच्याच ताब्यात! अत्याचाराच्या प्रकरणांत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

जानेवारी १९५५ मध्ये कर्क त्या घरात गेले. भिंतींवरचे शिंतोडे कुठल्या दिशेने उडाले, कोणती जागा कोरी राहिली, हे त्यांनी तपासले. मारेकरी डावखुरा असावा आणि खोलीत तिसऱ्याच माणसाचे रक्त आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. शेपर्ड उजव्या हाताचे होते. रक्ताबद्दलच्या या निष्कर्षाला सरकारी बाजूच्या तज्ज्ञाने आव्हान दिले, हेही नोंदवायला हवे. न्यायालयाने फेरखटला नाकारला.

अखेर १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वृत्तपत्रांच्या गदारोळात आरोपीला न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असे म्हणत शिक्षा रद्द ठरवली. नव्या खटल्यात कर्क यांनी साक्ष दिली आणि ज्युरीने शेपर्डना निर्दोष सोडले. तोवर त्यांची जवळपास दहा वर्षे तुरुंगात गेली होती.