पंचमांच्या शाळा आणि कर्नल ऑल्कॉट

वैशाख पौर्णिमेला आपल्या वस्त्यावस्त्यांतून जो पंचरंगी ध्वज उभारला जातो तो कोठून आला, असे मी एकदा वर्गात विचारले. कोणी नागपूर म्हणाले, कोणी सारनाथ. तो आला कोलंबोहून. १८८५ साली तेथील बौद्धांच्या एका समितीने तो तयार केला आणि त्याचा आकार इतर राष्ट्रध्वजांसारखा असावा, असे एका अमेरिकन गृहस्थाने सुचविले. ते गृहस्थ म्हणजे कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट. ध्वजाच्या निमित्ताने त्यांचे नाव कधीमधी आपल्या कानावर येते. परंतु मद्रासच्या अस्पृश्य मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या आणि त्या समाजातील दोघांना स्वतः बरोबर नेऊन धम्माची दीक्षा मिळवून दिली, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

ऑल्कॉट यांचा जन्म २ ऑगस्ट १८३२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी झाला. वडिलांचा व्यापार बुडाल्यामुळे त्यांना कॉलेजचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पुढे ते शेतीशास्त्राकडे वळले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा सैन्याला माल पुरविणाऱ्या ठेकेदारांच्या लबाड्या उघडकीस आणण्याचे काम त्यांनी केले. १८६५ साली अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला, त्याच्या तपासातही ते होते. नंतर त्यांनी वकिली केली.

याच काळात त्यांना मृतात्म्यांशी बोलणाऱ्या लोकांचा नाद लागला, मादाम ब्लाव्हाट्स्की यांची भेट झाली आणि १८७५ साली न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. येथे स्पष्ट सांगितलेले बरे. भूतपिशाच्च, अदृश्य महात्मे, हात फिरवून रोग बरा करणे या गोष्टींवर ऑल्कॉट यांचा विश्वास होता आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांच्या कसोटीला हा माणूस उतरणार नाही. तरीही त्याचे काम आपण का समजून घ्यावे, हे पुढे दिसेल.

१८७९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला उतरले. पुढच्याच वर्षी, २५ मे १८८० रोजी, सिलोनमधील (आजची श्रीलंका) गॉल येथील विहारात त्यांनी व ब्लाव्हाट्स्कीबाईंनी जाहीरपणे त्रिशरण पंचशील ग्रहण केले. गोऱ्या साहेबाने गुडघे टेकून पंचशील घेतल्याचे पाहायला खूप गर्दी लोटली होती. सिलोनमध्ये तेव्हा शाळा म्हणजे बहुतेक मिशनऱ्यांच्याच. मुलगा बौद्धाचा, पण शाळेत त्याला स्वतःच्या बापाच्या धर्माची लाज वाटायला शिकविले जाई. यावर उपाय म्हणजे आपल्या शाळा, हे ऑल्कॉट यांनी ओळखले. स्वतःच्या कल्पनेने बनवून घेतलेल्या बैलगाडीतून ते खेडोपाडी हिंडले आणि शिक्षणनिधीसाठी वर्गणी गोळा केली. १८८१ साली मुलांना पाठ करता येईल अशी प्रश्नोत्तरांची बौद्ध धर्मपुस्तिका त्यांनी लिहिली. कोलंबोचे आनंद कॉलेज १८८६ साली एका लहानशा शाळेच्या रूपाने सुरू झाले. त्यानंतर कँडीला धर्मराज आणि गॉलला महिंद ही विद्यालये निघाली. गावोगावच्या शाळांची संख्या पुढे दोनशेच्या आसपास गेली.

सिलोनमधील मुले गरीब असली तरी त्यांच्या मागे विहार होता, भिक्खुसंघ होता, वर्गणी देणारा समाज होता. मद्रासमध्ये यातले काहीच नव्हते.

१८८२ च्या अखेरीस सोसायटीचे मुख्य ठाणे मुंबईहून मद्रासजवळ अड्यारला हलले. अड्यारच्या बागेलगतच परिया लोकांच्या झोपड्या होत्या. चार वर्णांच्या बाहेरचे म्हणून सरकारदप्तरी त्यांना पंचम म्हणू लागले होते. चिंगलपुटचे कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी या लोकांच्या हलाखीचा अहवाल सरकारपुढे ठेवला होता व १८९३ साली मद्रास सरकारने पंचमांच्या शिक्षणासाठी सवलती जाहीर केल्या होत्या. सवलती कागदावर होत्या, पण गावच्या शाळेत या मुलांना बसू कोण देणार? १८९४ साली ऑल्कॉट यांनी अड्यारला पहिली मोफत शाळा उघडली. सोसायटीत मद्रासचे ब्राह्मण सभासद मोठ्या संख्येने होते, हे लक्षात घेतले म्हणजे अध्यक्षाने आपल्याच दारात पंचमांची शाळा काढण्याचा अर्थ कळतो. हळूहळू शाळा पाच झाल्या. एका शाळेला त्यांनी तिरुवल्लुवरांचे नाव दिले. तमिळ परंपरेत हा कवी वळ्ळुवर, म्हणजे परियांच्या पुरोहित जातीतला, मानला जातो. अमेरिकेहून आलेल्या सारा पामर आणि कोर्टराइट या बाईंनी तेथे बालवाडीची पद्धत आणली. घोकंपट्टीऐवजी वस्तू मुलांच्या हातात देऊन, बघायला आणि बोलायला लावून शिकविणे सुरू झाले. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ होतो असे ठरले होते, त्या मुलांना स्पर्शाने शिकविले जात होते. मी स्वतः पहिलीच्या वर्गाला शिकविले आहे, आणि घरात पाटी-पुस्तक कधीच न पाहिलेल्या मुलाला या पद्धतीने किती लवकर धीर येतो, हे मला ठाऊक आहे.

या शाळांत ऑल्कॉट यांनी कोणत्याही धर्माचे शिक्षण ठेवले नाही. ते स्वतः बौद्ध होते, पैसा त्यांच्या हातात होता, मुले भुकेली होती. तरी त्यांनी धर्म लादला नाही. धम्माची मागणी आली ती त्या समाजातूनच. तमिळ पंडित व वैद्य अयोती दास यांचे म्हणणे असे होते की परिया मूळचे बौद्ध असून ब्राह्मणी धर्मापुढे न झुकल्यामुळे ते बहिष्कृत झाले. १८९८ साली हे म्हणणे घेऊन ते ऑल्कॉट यांच्याकडे गेले. अयोती दास आणि पंचम शाळेतील शिक्षक पी. कृष्णस्वामी या दोघांना बरोबर घेऊन ऑल्कॉट कोलंबोला गेले आणि तेथे महास्थविर हिक्कडुवे सुमंगल यांच्याकडून त्यांनी पंचशील घेतले. परत आल्यावर मद्रासच्या रॉयपेट्टा भागात शाक्य बौद्ध संघ स्थापन झाला. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील सोहळ्याच्या अठ्ठावन्न वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तेथे लाखांचा समुदाय होता, कोलंबोला दोघे. पण त्या दोघांतला एक शाळामास्तर होता, याचा मला मनोमन आनंद वाटतो.

आता उणी बाजू. ऑल्कॉट यांच्या शाळांची झेप प्राथमिक इयत्तांपलीकडे नव्हती. लिहिणे, वाचणे, हिशेब, थोडे इंग्रजी आणि जोडीला स्वयंपाक. मुलाने चांगला नोकर व्हावे, दोन पैसे जास्त मिळवावेत, एवढाच विचार त्यामागे दिसतो. त्या मुलाने वकील व्हावे, प्राध्यापक व्हावे, कायदेमंडळात बसावे ही कल्पना त्या दयाळू साहेबाच्या मनात आली नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, त्यांत आणि अड्यारच्या शाळांत हा फरक आहे. दयेने केलेली शाळा मुलाला किती वर जाऊ द्यायचे हे आधीच ठरवून ठेवते.

तरी त्यांच्यानंतर काय झाले हे पाहिले म्हणजे ऑल्कॉट यांची किंमत कळते. १७ फेब्रुवारी १९०७ रोजी अड्यारला त्यांचे निधन झाले. अमेरिकेचा ध्वज आणि बौद्ध ध्वज त्यांच्या देहावर पांघरलेले होते. अध्यक्षपदी ॲनी बेझंटबाई आल्या. दोनच वर्षांनी त्यांनी एका लेखात असे मांडले की दलित वर्गाच्या मुलांना आधी स्वच्छता व चांगल्या सवयी शिकवाव्यात, वरच्या वर्गांच्या मुलांबरोबर एका शाळेत बसवू नये. बाबासाहेबांनी काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले या विषयावरील आपल्या १९४५ च्या ग्रंथात तो लेख विस्ताराने उद्धृत करून ठेवला आहे. ऑल्कॉट यांच्या शाळाही वेगळ्याच होत्या, हे खरे. पण त्या वेगळ्या होत्या कारण दुसरी कोणती शाळा त्या मुलांना घेत नव्हती. मुलांच्या अंगाला वास येतो म्हणून नव्हे.

अयोती दास थांबले नाहीत. १९०७ सालीच त्यांनी मद्रासहून एक पैशाचे तमिळ साप्ताहिक सुरू केले आणि १९१४ साली मृत्यू येईपर्यंत त्यातून धम्माचा प्रचार केला. त्याच चळवळीत पी. लक्ष्मी नरसू हे विज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांचा बौद्ध धर्माचे सार सांगणारा इंग्रजी ग्रंथही १९०७ चाच. अदृश्य महात्म्यांना त्यात जागा नाही, सगळा भर बुद्धीवर आणि नीतीवर आहे. हा ग्रंथ पुढे मिळेनासा झाला होता. १९४८ साली तो पुन्हा छापला गेला, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली बाबासाहेबांनी.