अ‍ॅलिसचे अकरा टायर

गाडीच्या जादा चाकाला आपण सगळे स्टेपनी म्हणतो. जीपवाला म्हणतो, पंक्चरवाला म्हणतो, मीही म्हणते. शब्द इतका आपला झालाय की तो मुळात वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव आहे, हे पटकन खरं वाटत नाही. लानेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. त्यांनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक काढलं, आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. त्याआधी मोटारी विकल्या जायच्या त्या अशा चाकाशिवायच. त्यानंतरही कितीतरी वर्षं बऱ्याच गाड्यांचं तसंच चालू होतं. टायर बसला की जिथे असाल तिथे उतरायचं, आणि तिथेच बसून तो नीट करायचा.

अशाच एका गाडीतून अख्खी अमेरिका आडवी पार करणाऱ्या बाईबद्दल आज सांगायचंय. अ‍ॅलिस रॅम्झी तिचं नाव.

१८८६ साली न्यू जर्सी राज्यात हॅकन्सॅकला तिचा जन्म झाला. यंत्रांची आवड लहानपणापासून, आणि वडिलांनी ती मोडली नाही. व्हॅसर कॉलेजात दोनेक वर्षं शिकली आणि १९०६ मध्ये लग्न झालं. नवरा जॉन रॅम्झी वकील, तिच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठा. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. चारचौघींसारखाच संसार, नाही का? पण अ‍ॅलिसला घोडागाडी हाकायचा नाद होता. १९०८ मध्ये रस्त्यात समोरून मोटार आली आणि तिचा घोडा बुजून उधळला. नवऱ्याने विचार केला, घोड्यापेक्षा मोटार बरी, आणि बायकोला मॅक्सवेल कंपनीची गाडी घेऊन दिली. गंमत म्हणजे तो स्वतः जन्मभर गाडी चालवायला शिकलाच नाही. अ‍ॅलिसने मात्र त्या एका उन्हाळ्यात सहा हजार मैल गाडी पळवली.

त्या वर्षी एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत मॅक्सवेल कंपनीच्या माणसाने तिला पाहिलं आणि विचारलं, आमच्या गाडीतून न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाल का? खर्च आमचा. हिशेब सरळ होता. बाईला जमतंय म्हणजे गाडी कुणालाही जमेल, अशी जाहिरात! मला तो हिशेब आजही खटकतो. अ‍ॅलिसला खटकला असेल-नसेल, तिने हो म्हटलं. दोन वर्षांचं पोर घरी ठेवून निघायचं होतं. त्या काळी त्यावरून काय काय बोललं गेलं असेल, ते तुम्हाला-मला कुणी सांगायला नको.

९ जून १९०९ ला पावसात ती न्यूयॉर्कहून निघाली. वय बावीस. सोबत एक मैत्रीण आणि चक्क दोन नणंदा, दोघीही चाळिशी ओलांडलेल्या! तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे चालवणारी एकच, आणि बिघाड काढणारीही तीच. पुढच्या गावात सोय बघायला कंपनीचा एक माणूस रेल्वेने जायचा आणि लागलाच तर एखादा भाग कंपनी पाठवायची, हे खरं. पण दोन गावांच्या मधल्या माळावर टायर बसला तर तो माणूस काय कामाचा?

त्या वेळचं पंक्चर म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगते. चाकं लाकडी आऱ्यांची, सहज काढता न येणारी. जादा टायर-ट्यूब सोबत असायचे, पण तयार चाक नाही. जॅक लावून गाडी उचलायची. टायरची कड धातूच्या धावेत घट्ट रुतलेली असायची, ती लोखंडी पट्ट्या घालून उचकटायची. आतली ट्यूब ओढून काढायची, भोक शोधायचं, जागा घासून सोल्युशन लावायचं, ठिगळ चिकटवायचं. मग ट्यूबला चिमटा बसू न देता सगळं परत आत कोंबायचं आणि हातपंपाने हवा भरत बसायचं. हे सगळं पायघोळ स्कर्ट घालून, बरं का! आणि रस्ते घोड्यांचे, त्यामुळे नालांचे खिळे जागोजागी पडलेले.

त्या प्रवासात अ‍ॅलिसने अकरा वेळा टायर बदलले. शिवाय प्लग साफ केले, ब्रेकचं तुटलेलं पेडल जोडलं. ३८०० मैलांच्या वाटेत पक्का रस्ता जेमतेम १५२ मैल होता. आयोवा राज्यात पावसाने इतका चिखल केला की तेवढं एक राज्य ओलांडायला तेरा दिवस लागले. इंजिन तापून पाणी मागायला लागलं तेव्हा नणंदांनी आपल्या सामानातली टूथब्रश ठेवायची कापीव काचेची नळकांडी काढली आणि खड्ड्यातलं पाणी त्यातून आणून आणून घातलं. मला तर या नणंदा फार आवडतात.

वाट शोधायची तऱ्हाही न्यारीच. मार्गदर्शक पुस्तकात लिहिलं होतं, पिवळं घर आलं की वळा. पिवळं घर काही येईना. मोटारींवर राग असलेल्या शेतकऱ्याने ते हिरवं रंगवून टाकलं होतं! पश्चिमेकडे तर पुस्तकही संपलं. मग टेलिफोनच्या तारा ज्या बाजूला जास्त, तिकडे गाव असणार, असं धरून चालायचं. व्हायोमिंगमध्ये एका नदीवरचा पूल वाहून गेला होता, तर बाईने गाडी रेल्वेच्या पुलावर घातली आणि स्लीपरवर आपटत आपटत पलीकडे नेली. ७ ऑगस्टला, एकोणसाठाव्या दिवशी, चौघी सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या. अमेरिका अशी पार करणारी ती पहिली बाई.

हे आज वाचावं असं वाटण्याचं कारण अगदी साधं आहे. स्टेपनी पुन्हा जायला लागली आहे. आपल्याकडे २०२० मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी सोय आणि पंक्चर काढायचा संच असेल, तर छोट्या गाडीला जादा चाक नसलं तरी चालतं. आपल्या स्कूटींना तर बहुतेक नसतंच. तेव्हा मैत्रिणींनो, गाडी घरात असेल तर मागची डिकी एकदा उघडून बघा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर घाईने उपटू नका, तोच भोक धरून ठेवतो. हवा भरून, हळूहळू जवळचं दुकान गाठता येतं. रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं भोक संचातल्या चिकट रबरी दोरीने बुजतं, बाजूची भिंत फाटली असेल तर नाही. आणि पार बसलेल्या टायरवर गाडी दामटायची नाही. टायर तर जातोच, रिमही वाकते. संच वापरायचा सराव मात्र घराच्या अंगणातच करून ठेवा. भर रस्त्यात, अंधारात पहिल्यांदा पुस्तिका वाचायची वेळ नको.

पुढचं थोडक्यात. घरी परतल्यावर १९१० मध्ये अ‍ॅलिसला मुलगी झाली. नवरा अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला, १९३३ मध्ये वारला. ती म्हातारपणापर्यंत गाडी चालवत राहिली. तीच अमेरिका नंतर तिने आणखी तीसेक वेळा पार केली. १९६१ मध्ये पहिल्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. नावात तीनच वस्तू आहेत: तोंडावरचा जाळीचा पडदा, धूळ अडवणारा झगा आणि टायर उचकटायची लोखंडी पट्टी. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात ती गेली. मोटारींच्या जगातल्या मानकऱ्यांच्या यादीत, ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये, तिचं नाव लागलं ते २००० साली. तोवर तिथे एकही बाई नव्हती.