शाह ताहीर

मुलांनो, आपला देवगिरी किल्ला निजामशाहीत होता, तेव्हाची ही गोष्ट. इराणच्या शाहाचा रोष झाला म्हणून शाह ताहीर हे सत्पुरुष दक्षिणेत आले. परांड्याला पीर मुहंमद त्यांच्याकडे ग्रहताऱ्यांचे गणित शिकला. त्यानेच त्यांना अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडे आणवले.

पुढे शहाजादा अब्दुल कादर तापाने फणफणला. हकीम थकले. शाह ताहीरांनी राजाला नवस बोलायला लावला. पोर रात्री सारखे पांघरूण भिरकावी. राजाचा उशाशीच डोळा लागला. उठून बघतो तर पोर पांघरुणात शांत, ताप उतरलेला! असे फेरिश्ता लिहितो.

नवसाप्रमाणे राजाने १५३७ मध्ये शिया पंथ धरला. पीर मुहंमद चिडला, फौज घेऊन उठला आणि पकडला गेला. तेव्हा शाह ताहीरांनीच रदबदली करून त्याचा जीव वाचवला. राजा शब्दात होता, तरी त्यांनी सूड घेतला नाही.