राजाचा माळी : आंद्रे ल नोत्र

व्हर्सायच्या राजवाड्यामागच्या प्रशस्त चौथऱ्यावर उभं राहिलं, की आधी नजरेत भरतं ते पाणी. पायाशी दोन मोठे हौद आणि त्यांच्या काठावर पहुडलेल्या नद्यांच्या कांस्यमूर्ती. पुढे पायऱ्या उतरत जातात. खाली लातोना देवीचं कारंजं, त्यापुढे हिरवळीचा लांबच लांब पट्टा, त्याच्या टोकाला पाण्यातून रथ घेऊन वर येणारा सूर्यदेव अपोलो आणि त्याच्याही पलीकडे थेट क्षितिजाला भिडणारा कालवा. दोन्ही बाजूंना कापून-छाटून भिंतीसारखी उभी केलेली झाडं. सगळं कसं एका रेषेत! इथे आलेला प्रत्येक जण फोटो काढतो आणि चौदाव्या लुईचं नाव घेतो. पण ही रेषा ज्याने आखली, त्याचं नाव फार थोड्यांच्या तोंडी येतं. तो एक माळी होता. आंद्रे ल नोत्र.

आंद्रेचा जन्म १२ मार्च १६१३ रोजी पॅरिसमध्ये झाला. घराण्याचा धंदाच बागकामाचा. आजोबा पिएर यांनी त्विलरीच्या राजबागेत काम केलं, वडील जाँ हेही तिथेच माळी. घर बागेला लागूनच. त्यामुळे वाफे, दोऱ्या, खुंट्या आणि कात्र्या यांच्यातच पोर वाढलं. माळ्याचा मुलगा माळी होणार, यात नवल नव्हतं. नवल पुढच्या गोष्टीचं. या मुलाला सिमों व्हुए या नावाजलेल्या चित्रकाराच्या कार्यशाळेत शिकायला मिळालं. तिथे तो रेखाटन शिकला. जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान का दिसते, डोळ्याला फसवायचं कसं, हे तिथेच त्याच्या हाती लागलं. शार्ल ल ब्रुन हा पुढे राजाचा चित्रकार झालेला मित्रही त्याला इथेच भेटला.

१६३७ मध्ये वडिलांच्या जागेवर येण्याचा हक्क त्याला मिळाला. १६४० मध्ये फ्रान्स्वाज लांग्ल्वाशी लग्न झालं. त्यांना तीन मुलं झाली, पण एकही मोठं होईपर्यंत जगलं नाही. तीन पिढ्या चालत आलेली कात्री चौथ्या पिढीच्या हाती द्यायला घरात कोणी उरलं नाही. पुढे त्याने जे काही लावलं, ते हे लक्षात ठेवून पाहिलं तर वेगळंच दिसू लागतं.

त्याचं पहिलं मोठं काम राजाचं नव्हतं, राजाच्या अर्थमंत्र्याचं होतं. निकोला फुके याने पॅरिसजवळ व्हो-ल-व्हिकोंत इथे वाडा बांधायला काढला. वास्तुकार लुई ल व्हो, आतली सजावट ल ब्रुनची आणि बाग ल नोत्रची. चित्रशाळेत शिकलेली विद्या इथे त्याने जमिनीवर उतरवली. वाड्यातून पाहिलं, तर शेवटच्या हौदाला लागूनच पलीकडची गुहांची भिंत आहे असं वाटतं. चालत जवळ गेलं की कळतं, मध्ये जमीन एकदम खाली उतरते आणि तिथे आडवा भलामोठा कालवा लपलेला आहे. लांबचे हौद त्याने मुद्दाम मोठे केले, म्हणजे अंतर जाणवू नये. म्हणजे ही बाग एका जागी उभं राहून पाहायची नाहीच, ती चालायची आहे.

१७ ऑगस्ट १६६१ रोजी फुकेने तरुण राजाला मेजवानीला बोलावलं. कारंजी, नाटक, आतषबाजी, कशाची म्हणून कमी ठेवली नाही. बावीस वर्षांच्या लुईने सगळं पाहिलं. तीन आठवडेही उलटले नाहीत, तोच फुकेला अटक झाली. अटक करणारा दार्तान्यां, तोच, ज्याला पुढे कादंबरीने जगभर नेलं. फुके उरलेलं आयुष्य कैदेत राहिला आणि तिथेच वारला. राजाने त्याचे कलावंत मात्र आपल्या पदरी घेतले. व्हो-ल-व्हिकोंतमधली संत्र्याची झाडंसुद्धा व्हर्सायला गेली.

व्हर्साय म्हणजे तेव्हा काय होतं? लुईच्या वडिलांनी शिकारीसाठी बांधलेला लहानसा वाडा, भोवती रान आणि दलदल. अशा जागेवर ल नोत्रने काम सुरू केलं आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं ते चाललं. टेकाडं सपाट केली, खळगे भरले, ओल उपसून काढली. १६६८ मध्ये मोठ्या कालव्याचं खोदकाम सुरू झालं. लांबी सुमारे १,६७० मीटर, रुंदी ६२ मीटर. पाणथळ जागेतलं पाणी वाहून जायला तो उपयोगी पडला आणि वर राजाच्या नौका फिरायलाही. व्हेनिसहून गोंडोला आणि त्या चालवणारे नावाडी आले. मुख्य रेषेच्या दोन्ही अंगांना झाडीत लपलेली दालनं केली. त्यांना छत आभाळाचं आणि भिंती झाडांच्या. बाहेरून पाहावं तर नुसती राई. आत वळलं की कुठे कारंजं, कुठे नाचायची जागा, कुठे इसापच्या गोष्टींच्या मूर्ती मांडलेला चक्रव्यूह.

अडचण एकच होती, पाण्याची. इतकी कारंजी एकाच वेळी चालवायला पाणी पुरेना. मग राजा ज्या वाटेने येईल, तिथले कामगार शिट्टी वाजवून एकमेकांना इशारा देत. राजा यायच्या आत पुढचं कारंजं सुरू व्हायचं आणि तो वळला की मागचं बंद. राजाला मात्र सगळी बाग उसळत असल्यासारखी दिसायची! सेन नदीचं पाणी वर चढवायला मार्लीला चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं, तेही १६८४ मध्ये सुरू झालं. तरी भागेना. मग लांबच्या अ्यूर नदीचं पाणी वळवायचं ठरलं आणि हजारो सैनिक त्या कामाला जुंपले. दलदलीतल्या तापाने त्यातले कितीतरी दगावले, पुढे युद्ध पेटलं आणि काम अर्धवटच राहिलं.

बागेचं कौतुक करताना हा हिशेब विसरून चालणार नाही. १६८५ च्या एका दरबारी नोंदीप्रमाणे व्हर्साय आणि परिसरात ३६,००० माणसं कामाला होती. त्याआधी, १६७८ मध्ये, तिथे मेलेल्या मजुरांना रात्री गाड्यांतून गुपचूप हलवलं जात असल्याचं एका सरदार घराण्यातल्या बाईंनी पत्रात लिहून ठेवलं आहे. त्या माणसांची नावं कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत. ल नोत्रने आखलेली सरळ रेषा कागदावर एका हाताने ओढता येते. जमिनीवर ती ओढायला हे हजारो हात लागले. व्हर्सायच्या हिरवळीवर पाय ठेवताना दोन्ही गोष्टी मनात असायला हव्यात, तिचं देखणेपण आणि तिची किंमत.

मग या माळ्याचं काय? राजाच्या इतक्या जवळ राहून तो शेफारला का? त्या काळच्या लोकांनी सांगितलेल्या आठवणी वेगळंच चित्र दाखवतात. दरबारात मान झुकवण्याचेही नियम होते. पण ल नोत्र राजाला भेटला की आनंदाने मिठीच मारायचा, असं म्हणतात. १६७९ मध्ये तो इटलीला गेला. रोममध्ये पोप अकरावे इनोसंट यांची भेट झाली, तेव्हा या साध्या माणसाला इतका आनंद झाला की त्याने पोपनाही तशीच मिठी मारली, अशी गोष्ट सांगतात. १६७५ मध्ये राजाने त्याला सरदारकी दिली. सरदार म्हटला की कुलचिन्ह आलं. याच्या चिन्हावर आल्या तीन गोगलगायी! माळ्याच्या रोजच्या वैरिणी. आपलं मूळ लपवावं असं त्याला वाटलंच नाही.

तो भिडस्तही नव्हता. बागेतल्या एका झाडीत वास्तुकार आर्दुआँ-मांसारने संगमरवरी खांबांचं वर्तुळ उभारलं. राजाने ल नोत्रला मत विचारलं. गवंड्याला माळी केलंत, तर तो त्याच्या धंद्याचंच ताट वाढणार, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिल्याचं सांगतात. राजा रागावला नाही. पुढे १६९३ मध्ये ल नोत्रने आयुष्यभर हौसेने जमवलेली चित्रं राजाला भेट दिली. त्यांत पुसँ आणि क्लोद लोरँ यांचीही चित्रं होती. त्यातली काही आज लूव्रमध्ये पाहायला मिळतात.

राजाचंही या बागेवर विलक्षण प्रेम. पाहुण्यांनी ती कशी पाहावी, कुठे थांबावं, कुठे वळावं, कुठून मागे वळून पाहावं, याची टिपणं १६८९ पासून त्याने स्वतः अनेकदा करून घेतली. राज्यकारभाराच्या रगाड्यात बाग चालण्याचा क्रम ठरवत बसणारा राजा विरळाच.

१७०० साल. ल नोत्र सत्त्याऐंशी वर्षांचा झाला होता. पाय थकले होते. राजाने त्याला बोलावलं आणि बाग दाखवायला निघाला. राजा स्वतः चाकांच्या खुर्चीत बसला आणि म्हाताऱ्यासाठीही तशीच खुर्ची शेजारी आणवली. नोकर दोन्ही खुर्च्या ढकलत होते. राजा आणि माळी, शेजारी शेजारी. त्या वेळी ल नोत्रला आठवण झाली ती वडिलांची. बागेत राबलेल्या त्या गरीब बापाने आपल्या मुलाला राजाच्या बरोबरीने फिरताना पाहिलं असतं, तर त्याला किती आनंद झाला असता, असं तो बोलून गेल्याचं सांगतात. थोड्याच दिवसांनी, १५ सप्टेंबर १७०० रोजी, त्विलरीशेजारच्या आपल्या घरी तो गेला. जिथे जन्मला, तिथेच. पॅरिसच्या सँ-रॉक चर्चमध्ये त्याचं दफन झालं.

त्याने आपल्या विद्येवर पुस्तक लिहिलं नाही. मागे ठेवली ती झाडं, आणि झाडं तर मरतात. व्हर्सायची झाडी तेव्हापासून कितीदा तरी तोडून नव्याने लावली गेली. डिसेंबर १९९९ च्या वादळात तिथली सुमारे दहा हजार झाडं उन्मळून पडली. मग माळी पुन्हा कामाला लागले. नवी रोपं आली, खड्डे खणले, दोऱ्या ताणल्या. कुठल्या रेषेत लावायची, हे ठरलेलंच होतं. मुलं गमावलेल्या त्या माळ्याचं काम आज कुणाच्या तरी हातांनी चालूच आहे, आणि त्या हातांचीही नावं आपल्याला माहीत नाहीत.