डॉ. होमी जहांगीर भाभा : सगळ्यांसाठी एक कॉम्प्युटर उभारणारे शास्त्रज्ञ



सहावी आणि नववीची मुले 'होमी भाभा'ची परीक्षा देतात, म्हणून हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले आहे. भाभा म्हणजे अणुऊर्जा, एवढे मुलांना पाठ असते. पण भारतात कॉम्प्युटर बनवण्याचे आणि तो अनेक संस्थांना वापरायला देण्याचे काम ज्यांच्या पाठबळाने सुरू झाले, तेही भाभाच. पाठ्यपुस्तकात ही बाजू फारशी येत नाही. म्हणून आजच्या लेखात त्यांच्या जीवनाबरोबर हे काम जरा सविस्तर पाहूया.

जन्म व शिक्षण

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे वकील. आत्या मेहेरबाई यांचे लग्न सर दोराबजी टाटा यांच्याशी झाले होते, त्यामुळे टाटा घराण्याशी जवळचे नाते होते. होमी यांना लहानपणापासून पुस्तके, चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीत यांची गोडी होती. ती शेवटपर्यंत टिकली.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स इथे शिकून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, पण याचे मन गणित आणि भौतिकशास्त्राकडे. मग त्यांनी आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास केली आणि त्यानंतर आपल्या आवडीचा विषय घेतला. (पालकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, आणि स्वतःही लक्षात ठेवावी!) पुढे विश्वकिरणांवरील संशोधनामुळे त्यांचे नाव जगभर झाले.

सुट्टीवर आले आणि इथेच राहिले

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले होते. तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीची वाट बंद झाली. मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम सुरू केले. तिथे सर सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

बंगळूरच्या दिवसांत त्यांना एक गोष्ट सतत जाणवत होती. आपल्या देशात हुशार मुले आहेत, पण मूलभूत संशोधन करायला जागा नाही, साधने नाहीत. म्हणून १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले आणि संशोधन संस्थेची योजना मांडली. अणुशक्तीचा वापर सुरू होईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते इथेच तयार असावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

योजना चांगली होती, पण पैसा? ट्रस्टने मदत केली, मुंबई सरकारने हातभार लावला आणि केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनेही वाटा उचलला. अशी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. सुरुवात बंगळूरला, आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात. आधी टोलेजंग इमारत आणि मग माणसे शोधायची, असे त्यांनी केले नाही. आधी माणसे जमवली, काम सुरू केले. कुलाब्याची मोठी इमारत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९६२ मध्ये पूर्ण झाली.

आपला कॉम्प्युटर आपणच बनवायचा

भौतिकशास्त्रातली आकडेमोड माणसाने हाताने करायची तर महिनोन् महिने जातात. परदेशातली विद्यापीठे तेव्हा नुकतीच इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बांधू लागली होती. कोलकात्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या संस्थेने १९५५ मध्ये इंग्लंडहून कॉम्प्युटर आणला. तो देशातला पहिला. टीआयएफआरने दुसरा मार्ग धरला. यंत्र आपणच बनवून बघायचे!

१९५४ मध्ये आर. नरसिंहन हे तरुण गणितज्ञ संस्थेत आले आणि त्यांच्याकडे हे काम आले. हाताखाली होती ताजी ताजी पदवी घेतलेली मुले. त्यांच्यापैकी कोणी कॉम्प्युटर कधी वापरलाही नव्हता. आधी एक छोटे नमुना यंत्र करून पाहिले, ते १९५६ मध्ये चालू झाले. मग मोठे यंत्र हाती घेतले आणि १९६० मध्ये ते कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले 'टिफ्रॅक'.

मुलांना आवडेल अशी माहिती सांगते. टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसे. त्याची स्मृती अगदीच छोटी होती. आजच्या हिशोबाने ही अवघी काही केबी! आपल्या मोबाईलमधला एक साधा फोटोसुद्धा यात मावणार नाही. पण तेवढ्यावर शास्त्रज्ञांनी आपली गणिते सोडवली.

एक यंत्र, अनेक संस्था

टिफ्रॅक तयार होईपर्यंत जग पुढे गेले होते. व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले होते. मग हट्ट धरून बसायचे का? संस्थेने तसे केले नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतून 'सीडीसी ३६००' हा त्या काळातला मोठा कॉम्प्युटर आणला. स्वतः यंत्र बांधल्यामुळे आता ते चालवणारी, समजून घेणारी माणसे घरातच होती. टिफ्रॅकवर झालेली मेहनत अशी उपयोगी पडली.

आता खरा प्रश्न. एवढे महागडे यंत्र प्रत्येक विद्यापीठाला देणे शक्य नव्हते. देशात परकीय चलनाची टंचाई होती. थोडे थोडे पैसे सगळ्यांना वाटले असते, तर कोणाकडेच कामाचे यंत्र आले नसते. एकाच संस्थेने घेऊन कुलूप लावले असते, तर बाकीचे उपाशी. म्हणून सीडीसी हे राष्ट्रीय केंद्र म्हणून चालवले गेले. बाहेरच्या संशोधन संस्था आणि विद्यापीठांची कामेही त्यावर होऊ लागली. काम पंच केलेल्या कार्डांवर यायचे आणि एकामागून एक यंत्रात जायचे. प्रोग्रॅमिंगचे प्रशिक्षणही दिले जाई. कारण नुसते यंत्र असून चालत नाही, ते वापरायला शिकलेली माणसे लागतात.

आपल्याला हे लगेच पटेल. केंद्रातल्या दहा शाळांत मिळून एक चांगला प्रोजेक्टर घेतला, तर तो ठेवायचा कुठे, पाळी कोणाची, बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे आधी ठरवावे लागते. नाहीतर तो कपाटात धूळ खात पडतो. वस्तू एकदाच विकत घेतली जाते, पण वीज, दुरुस्ती, माणसांचा पगार हा खर्च दरवर्षी असतो. भाभांच्या आखणीत माणसांना नेहमी पहिले स्थान होते.

शेवटची योजना

१९६३ मध्ये सरकारने देशाच्या इलेक्ट्रॉनिक्सची आखणी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते भाभा, आणि सदस्यांत विक्रम साराभाईही होते. पुढच्या दहा वर्षांत देशाला काय काय लागेल, याचा विचार या समितीने केला. त्यात कॉम्प्युटरही होते. पण तो अहवाल प्रसिद्ध झालेला पाहायला भाभा राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी युरोपातील माँ ब्लाँ शिखरावर एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान कोसळले. त्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे ५६. अहवाल त्यानंतर प्रसिद्ध झाला.

वारसा

सामायिक यंत्राची ही वाट पुढे चालू राहिली. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम' महासंगणक तयार केला. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणक अभियान मंजूर केले. त्यातून देशातल्या शिक्षणसंस्थांत महासंगणक बसवले जात आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आहे, तर नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी 'परम रुद्र' आहे. भाभांच्याच टीआयएफआरचा भाग असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आपल्या मुलांसाठी काम करते.

वर्गात हा पाठ घेताना जन्मतारीख आणि पुरस्कार पाठ करून घेण्यावर थांबू नये असे मला वाटते. मुलांना एक प्रश्न द्या : शाळेला एकच दुर्बीण मिळाली आणि वर्ग सात आहेत, तर तुम्ही काय कराल? मुलांना गटात बसून वेळापत्रक, नियम आणि खर्चाची यादी करू द्या. भांडणे होतील, होऊ द्या. आणि मग सांगा, की हाच प्रश्न कधीतरी सगळ्या देशापुढे होता.