श्री ज्ञानेश्वर माउली आणि दृष्टांतांचे वैभव

प्रवरातीरावरील श्रीक्षेत्र नेवासे येथील मंदिरात भाविकांना एका दगडी खांबाचे दर्शन घडते. हाच पैस खांब. यास टेकून श्री ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेचे निरूपण केले व सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे.

महाराजांचा जन्म शके ११९७ (इ.स. १२७५) मध्ये पैठणजवळील आपेगाव येथे झाला, असे मानतात. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरुआज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमी आले. त्यामुळे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई या भावंडांना समाजाने दूर लोटले व मौंजीबंधनाचा अधिकारही नाकारला. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्याने ही बालके पोरकी झाली. पुढे थोरले बंधू निवृत्तिनाथ हेच ज्ञानदेवांचे सद्गुरू झाले.

ज्यांना ज्ञानाचे दार बंद होते, त्यांनीच ते सर्वांसाठी उघडले. शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्यांची ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्या काळी गीतेचे तत्त्वज्ञान संस्कृतात होते आणि स्त्रिया व बहुजन त्यापासून वंचित होते. केवळ भाषा पालटून हे अंतर मिटणारे नव्हते. सूक्ष्म विचार डोळ्यांपुढे उभा राहणे आवश्यक होते. हे कार्य महाराजांच्या दृष्टांतांनी केले.

पहिल्या अध्यायात, महापराक्रमी अर्जुन आप्तांच्या स्नेहाने कसा विकल झाला हे सांगताना त्यांनी भुंग्याचा दाखला दिला आहे. कठीण लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो. प्राण गेला तरी पाकळी चिरीत नाही. मोहाची बेडी कोमल असते, म्हणूनच ती तुटत नाही, हे गूढ यातून अक्षरशत्रू श्रोत्यासही उमगते. अलंकार अनेक, सोने एक. लाटा अनेक, पाणी एक, या दृष्टांतांतून अद्वैताचा सिद्धांतही घरोघरी पोहोचला. येथे उपमा ही भाषेचे भूषण नसून विचाराची वाट आहे.

शके १२१८ (इ.स. १२९६) मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस, महाराजांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. पुढे शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये संत एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली.

भाविकांनी पैस खांबाचे दर्शन घेऊन परतताना ज्ञानेश्वरीतील एखादा तरी दृष्टांत सोबत न्यावा व त्याचे नित्य मनन करावे, ही माउलींच्या चरणी प्रार्थना.