मुक्या जिवांना अभय देणारा वऱ्हाडचा संत : श्री गाडगेबाबा

धारणीहून हरिसाल, सेमाडोह या वाटेने मेळघाटाचे डोंगर उतरून परतवाड्यास आले की मुक्तागिरीचे सिद्धक्षेत्र फार दूर राहत नाही. बावन्न मंदिरांच्या या पवित्र पहाडास मेंढागिरी असेही नाव आहे. ध्यानस्थ मुनिराजांच्या समोर डोंगरावरून एक मेंढा कोसळला, मुनिराजांनी त्या मरणोन्मुख जिवाच्या कानी णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव देवगतीस गेला, अशी या नावामागील आख्यायिका आहे. एका मुक्या मेंढ्याच्या अखेरच्या क्षणाला ज्या भूमीने तीर्थाची प्रतिष्ठा दिली, त्याच सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे, दिनांक 23 फेब्रुवारी 1876 रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर या बालकाचा जन्म झाला. हेच पुढे संत गाडगेबाबा म्हणून सर्व महाराष्ट्रास वंदनीय झाले.

गाडगेबाबा जन्माने जैन नव्हते. कोणत्याही पंथाची दीक्षा त्यांनी घेतली नाही, शास्त्राचे अध्ययन केले नाही. त्यांना अक्षरओळखही नव्हती. तरीही मांसाहार आणि पशुबळी यांविरुद्ध वऱ्हाडच्या खेड्याखेड्यांत जेवढे कार्य या एका अनवाणी माणसाने केले, तेवढे क्वचितच कोणी केले असेल. अहिंसेचा वारसा जन्मतः लाभलेल्या समाजाने त्यांचे चरित्र म्हणूनच आवर्जून अभ्यासावे.

बालपणाची शिकवण

डेबूजींचे वडील झिंगराजी हे मूळचे खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. परंतु देवाच्या नावाने बकरे कापावे, जातभाईंना मटणाचे जेवण घालावे आणि त्यासोबत दारू वाहावी, हा त्या काळचा रिवाज होता. रिवाजाचे व्यसन झाले आणि व्यसनाने घर, शेत व अखेरीस देह यांचा ग्रास घेतला. 1884 साली झिंगराजी वारले तेव्हा डेबूजी अवघ्या आठ वर्षांचे होते. अखेरच्या दिवसांत झिंगराजींना आपल्या वागण्याचा फार पश्चात्ताप झाला आणि मुलाला या मार्गापासून दूर ठेवावे असे त्यांनी पत्नीस विनविले, असे चरित्रकार सांगतात.

माता सखूबाई लहानग्या डेबूस घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे मामांच्या घरी डेबूजी गुरे राखीत, नांगर धरीत, पूर्णेच्या पुरात पोहत मोठे झाले. गाईबैलांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. जनावराची तहान, भूक व वेदना त्यांनी फार जवळून पाहिली. पुढील आयुष्यातील भूतदयेचे मूळ गोठ्यातील या दिवसांत आहे.

याच घरात त्यांनी आणखी एक दुःख पाहिले. मामा चंद्रभानजी सावकाराच्या कर्जात सापडले. निरक्षर माणसाने कागदावर अंगठा उठवावा आणि त्या कागदाने जमीन गिळावी, असे तेव्हा सर्रास घडे. मामांच्या मृत्यूनंतर डेबूजींनी रात्रंदिवस राबून कर्ज फेडण्याचा यत्न केला, तरी जमिनीवर टाच आलीच. सणावारी व लग्नकार्यात बकरे आणि दारू यांवर होणारा खर्च गरिबाला सावकाराच्या दारी कसा नेतो, हे गणित त्यांना शाळेत न जाताच उमगले.

नामकरणाचे जेवण

1892 साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. पुढे त्यांना कन्यारत्न झाले. बारशाला जातभाईंना मटणाचे जेवण व दारू देणे हा अलिखित कायदाच होता. तो मोडणाऱ्यास वाळीत पडण्याची भीती असे. डेबूजींनी या प्रसंगी पंगतीस गोडधोडाचे जेवण वाढले. पाहुणे नाराज झाले, वडीलधाऱ्यांनी बोल लावले, परंतु ते ढळले नाहीत. बापाचा संसार ज्या पानावर बुडाला, तेच पान लेकीच्या बारशाला मांडणे त्यांना मान्य नव्हते.

या प्रसंगाचे महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. ज्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मांस शिजतच नाही, त्या घरातील व्यक्तीला शाकाहारासाठी काही सोसावे लागत नाही. डेबूजींना मात्र आपल्याच भाऊबंदांचा रोष पत्करावा लागला. त्यांचा शाकाहार वारशाने आलेला नसून त्याची किंमत मोजून घेतलेला होता.

गृहत्याग आणि लोकसेवा

दिनांक 1 फेब्रुवारी 1905 रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती काठी आणि मातीचे गाडगे एवढाच त्यांचा परिग्रह. याच गाडग्यात भाकर घ्यावी, त्यातच पाणी प्यावे. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणत्याही गावात गेले की प्रथम हाती खराटा घेऊन रस्ते झाडावेत, मग भाकर मागावी आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम होता. पायावर कोणी डोके ठेवलेले त्यांना खपत नसे.

वऱ्हाडातील पूर्णाकाठचे ऋणमोचन हे त्यांच्या कार्याचे पहिले मोठे क्षेत्र. पौष महिन्यातील यात्रेत भाविकांचे नदीकाठी होणारे हाल पाहून त्यांनी तेथे घाट बांधविला. अंध, पंगू, महारोगी यांना यात्रेत ते स्वतः पंगतीस बसवून वाढीत. पुढे पंढरपूर, नाशिक, मुंबई आदी ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूर, नागरवाडी येथे गोरक्षणाचे कार्य सुरू झाले. भाकड गाय व थकलेला बैल कसायाच्या दावणीला जाऊ नये, ही त्यामागील तळमळ होती. या सर्व व्यापात स्वतःसाठी एक खोलीही त्यांनी बांधली नाही.

यात्रेतील बळी

त्या काळी अनेक जत्रांत नवसाची बकरी, कोंबडी व मेंढरे मोठ्या संख्येने कापली जात. बाबा अशा जत्रांत जात आणि रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे पोथीवरील प्रवचन नव्हते. आपल्या साध्या वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांस एकामागून एक प्रश्न विचारीत. सर्व जीव देवाचे लेकरू असतील, तर एका लेकराला मारून दुसऱ्याचे भले करणारा देव कसा असेल, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. वाघाचा बळी कोणी देत नाही, गरीब बकऱ्याचाच देतात, यातील अन्याय ते लोकांसमोर मांडीत. कर्ज काढून देवाला बकरा दिल्याने देव प्रसन्न होत नाही, सावकार मात्र होतो, हेही ते हसवीत हसवीत पटवून देत.

बाबांनी कोणावर बळजबरी केली नाही, बळीच्या जागी दंगा माजविला नाही, की मांस खाणाऱ्यास पापी म्हणून दूर लोटले नाही. लोकांनीच विचार करावा आणि लोकांनीच सोडावे, हा त्यांचा मार्ग होता. कीर्तनानंतर अनेकांनी बळी न देण्याच्या शपथा घेतल्याच्या आठवणी ठिकठिकाणी सांगितल्या जातात.

आहाराचा विचार

मांसाहार शरीरास आवश्यक आहे किंवा नाही, हा प्रश्न बाबांच्या काळीही होता व आजही आहे. बाबांनी त्याचे उत्तर आपल्या जीवनाने दिले. ज्वारीची भाकर, चटणी, डाळ, मिळेल ती भाजी एवढ्यावर त्यांनी पन्नास वर्षे पायी महाराष्ट्र तुडविला आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत ते कीर्तनास उभे राहिले.

एका सत्पुरुषाचे उदाहरण म्हणजे शास्त्रीय सिद्धांत नव्हे, हे खरे. परंतु आधुनिक संशोधनही आता या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने 2015 साली खारविलेले, धुरविलेले वा अन्य प्रक्रिया करून टिकविलेले मांस कर्करोगकारक ठरविले आणि बकरा, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर आदींचे तांबडे मांस बहुधा कर्करोगकारक या गटात टाकले. असे प्रक्रिया केलेले मांस रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्या संस्थेचा निष्कर्ष आहे.

तथापि सत्याची दुसरी बाजूही लपविता कामा नये. मांसातील लोह शरीरात लवकर शोषले जाते आणि ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. म्हणून शाकाहारी व्यक्तीने आपल्या ताटाकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. तुरीची, मुगाची डाळ, हरभरा, ज्वारी-बाजरी, पालेभाजी, शेंगदाणे, तीळ, दूध, दही, ताक यांचा आहारात नित्य समावेश असावा. डाळभाजीवर लिंबू पिळल्याने त्यातील लोह अधिक शोषले जाते. दूधदुभते वर्ज्य करणाऱ्यांनी ब-12 साठी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. केवळ तळीव पदार्थ आणि मिठाई यांवर पोसलेला शाकाहार अहिंसक असेल, पण आरोग्यदायी म्हणता येणार नाही. शरीर हे धर्मसाधनेचे साधन आहे. त्याची हेळसांड हाही एक प्रमादच होय.

आधी अन्न, मग उपदेश

बाबांच्या शिकवणीचे सार दहा कलमांत सांगितले जाते. त्यात पशुपक्ष्यांना व मुक्या प्राण्यांना अभय देण्याचे कलम आहे. परंतु त्या यादीचा आरंभ भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी देण्याने होतो. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. उपाशी माणसाच्या दारी जाऊन त्याने काय खाऊ नये हे बाबांनी सांगितले नाही. आधी त्याच्या पुढ्यात भाकर ठेवली.

मेळघाटच्या भूमीत या क्रमाला विशेष अर्थ आहे. 1993 साली येथील बालमृत्यूंची वार्ता साऱ्या देशात पोहोचली आणि धारणी, चिखलदरा ही नावे कुपोषणाशी जोडली गेली. कोदो, कुटकी, सावा पिकविणाऱ्या आणि मोहाची फुले वेचणाऱ्या कोरकू बांधवांच्या घरी आजही पोटभर व सकस अन्नाचा प्रश्न संपलेला नाही. 2015 साली राज्य शासनाने आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना सुरू केली. पुढे बालकांना अंडी आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी देण्याची तरतूद तीत झाली. अशा ठिकाणी शाकाहाराचा आग्रह धरणाऱ्याने त्या लेकराच्या ताटात डाळ, दूध, गूळ-शेंगदाणे पोहोचविण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे. रिकाम्या ताटापुढे केलेला अहिंसेचा उपदेश बाबांना मान्य झाला नसता.

बाबांच्या जीवनातील आणखी एक धडा अंतर्मुख करणारा आहे. बकऱ्याच्या मानेवरील सुरी त्यांना दिसली, तशीच मामाच्या जमिनीवर फिरलेली कागदाची सुरीही त्यांनी पाहिली होती. दोन्ही हिंसांविरुद्ध ते एकाच तळमळीने बोलले. मुंगीला वाचवावे म्हणून पाणी गाळून पिणाऱ्याने आपल्या देवघेवीतही कोणाचा जीव तुटत नाही ना, हे पाहावे. वजन, भाव आणि व्याज यांतही अहिंसा पाळावी. अणुव्रतांत अहिंसेबरोबर अचौर्य व परिग्रहपरिमाण सांगितले आहे, त्याचे मर्म हेच आहे.

त्याचप्रमाणे शाकाहार हे बाबांच्या लेखी उच्चनीचतेचे माप कधीच नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंसाठी त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि 1949 साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कोणाच्या ताटात काय आहे यावरून त्यांनी कोणासही पंगतीतून उठविले नाही. मांस सोडण्यास सांगणारे बाबा मांस खाणाऱ्याच्या ओसरीवरही तितक्याच प्रेमाने बसत आणि म्हणूनच त्यांचे शब्द तेथे ऐकले जात.

महानिर्वाण

दिनांक 6 डिसेंबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, दिनांक 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीकडे येत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. ज्यांनी आयुष्यभर घर केले नाही, त्यांचा शेवटही वाटेवरच झाला. अमरावतीत त्यांची समाधी आहे. 1983 साली स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करते आणि 2000-01 पासून राज्य शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान चालविले.

मुक्तागिरीच्या त्या मेंढ्याला अखेरच्या क्षणी एक करुणामय वाणी लाभली. वऱ्हाडातील असंख्य मुक्या जिवांना ती सुरी उगारली जाण्यापूर्वीच लाभली, ती एका अनक्षर परिटाच्या मुखातून. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या भूमीतील अहिंसेच्या या दुसऱ्या परंपरेचेही स्मरण व्हावे आणि भुकेल्याचे ताट, कर्जदाराचे शेत व मुक्या जनावराची मान ही तिन्ही एकाच करुणेने पाहण्याची दृष्टी प्रत्येक श्रावक-श्राविकेस लाभावी, हीच या महापुरुषास खरी आदरांजली ठरेल.